छोटी लिंक आणि तिच्यामागची वही

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास आले आणि टपाल खात्यापुढे एक पेच उभा राहिला. वर्ध्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात, गजानन महाराजांचे शेगाव आहे. रोमन लिपीत दोन्ही नावांत फरक काय तो एका ‘एच’ अक्षराचा. गांधीजींचे टपाल देशोदेशीचे. त्यातले काही चुकून शेगावची वाट धरू लागले. अखेर १९४० च्या मार्च महिन्यात सेगावचे नाव बदलून सेवाग्राम करण्यात आले. या नामांतराचा भावार्थ आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यामागचे टपाली कारण मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे. गाव जागचे हलले नाही, रस्ता बदलला नाही, विहिरी होत्या तेथेच राहिल्या. बदलली ती टपाल वाटणाऱ्यांच्या यादीतली एक नोंद, आणि तेवढ्याने पत्रे नीट येऊ लागली.

पत्ता ही अशी वस्तू आहे. तो पाकिटावर लिहिलेला असतो खरा, पण त्याला अर्थ येतो तो कोणाच्या तरी वहीत त्याची नोंद असते म्हणून. मोबाइलवर दररोज येणाऱ्या संदेशांच्या शेवटी आठ-दहा अगम्य अक्षरांची जी छोटी लिंक असते, तीही याच जातीची आहे. बँका, दुकाने, वीज कंपन्या, दवाखाने आणि आता महाविद्यालयेही आपली पुष्कळ कामे या छोट्या लिंकवर चालवू लागली आहेत. ती कशी बनते, तिला ‘हुशार’ का म्हणतात, आणि तिच्यामागची वही कोणाच्या हातात असते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय संगणकाचा असला तरी कला शाखेच्या विद्यार्थ्याने बिचकण्याचे कारण नाही. यातले गणित बेरीज-गुणाकाराच्या पलीकडे जात नाही.

छोट्या पत्त्याची कल्पना संगणकवाल्यांनी काढलेली नव्हे. तारेचा जमाना होता तेव्हा पैसे शब्दागणिक पडत आणि पत्त्यातले शब्दही त्यात मोजले जात. व्यापाऱ्याचे नाव, पेढी, गल्ली, पेठ असे सगळे लिहावयाचे म्हणजे मजकुरापेक्षा पत्त्याचाच खर्च अधिक. यावर तार खात्याने तोड काढली होती. वार्षिक शुल्क भरून एखादा शब्द आपल्या नावावर नोंदवून घ्यावा. मग तो एक शब्द आणि गावाचे नाव एवढ्यावर तार बरोबर त्या पेढीवर पोचे. जुन्या बिलांवर व लेटरहेडवर ‘तारेचा पत्ता’ म्हणून कोपऱ्यात एकच शब्द छापलेला दिसतो तो हाच. तार कार्यालयात त्या शब्दांचे रजिस्टर असे. शब्द पाहावा, रजिस्टरात पूर्ण पत्ता काढावा, शिपायाला धाडावे. पेढी दुसऱ्या गल्लीत गेली तर रजिस्टरातली ओळ बदलावी. देशभरच्या अडत्यांना कळवण्याची जरूर नाही. जुलै २०१३ मध्ये भारतातली तारसेवा बंद झाली आणि ती रजिस्टरेही निकालात निघाली. छोट्या लिंकचे सारे तत्त्व मात्र त्या रजिस्टरात होते.

पिन कोडचे तसे नाही, आणि हा भेद नीट ध्यानात घ्यावा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. वेलणकर टपाल व तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि त्याचबरोबर संस्कृतचे पंडित, कवी व नाटककार. (भाषेच्या माणसाला आकड्यांचे वावडे असते असे म्हणणाऱ्या आपल्या वर्गमित्रांनी हे नाव लक्षात ठेवावे.) एकच नाव असलेली अनेक गावे आणि अनेक लिप्यांत लिहिलेले पत्ते, हा सेगावचाच पेच देशभर होता, सहा आकड्यांनी तो सोडवला. वर्ध्याचा पिन ४४२००१. त्यातला पहिला ४ पश्चिम विभाग दाखवतो, ४४ म्हणजे महाराष्ट्राचा एक भाग, ४४२ म्हणजे टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, आणि शेवटचे तीन आकडे प्रत्यक्ष कार्यालयाचे. सेवाग्राम ४४२१०२, आर्वी ४४२२०१, हिंगणघाट ४४२३०१. चंद्रपूरचा पिनही ४४२ नेच सुरू होतो, म्हणजे टपालाचा जिल्हा आणि सरकारी जिल्हा एक नव्हेत. येथे आकडा स्वतःच बोलतो. वही जवळ नसतानाही ४४२ पाहून पत्र कोणत्या दिशेने टाकावयाचे ते वर्गीकरण करणाऱ्याला कळते. टपाल विभागाने २०२५ साली आणलेला ‘डिजिपिन’ आणखी पुढे जातो. सगळा देश सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत दिला आहे, आणि तो अक्षांश-रेखांशावरून सरळ हिशेबाने निघतो. तेथे नोंदीची वही लागतच नाही. पण त्यामुळेच घर बदलले की तो संकेत आपल्या मागे येत नाही.

छोटी लिंक याच्या नेमकी उलट. तिच्यातली अक्षरे मुकी असतात. त्यांकडे कितीही टक लावून पाहिले तरी पलीकडे काय आहे ते समजत नाही. वही उघडावीच लागते. तिची सोय या मुकेपणात आहे आणि धोकाही त्यातच आहे.

आता ती बनते कशी ते पाहू. इंटरनेटवरील प्रत्येक पानाला पत्ता असतो, आणि तो कधी कधी चार ओळी लांब होतो. मराठीच्या बाबतीत तर ही लांबी हास्यास्पद थराला जाते. पत्ता पाठवताना देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचे, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, हलन्त या प्रत्येकाचे, नऊ रोमन खुणांत रूपांतर होते. ‘वर्धा’ या शब्दात व, र, हलन्त, ध आणि काना अशी पाच चिन्हे आहेत. त्यांच्या पंचेचाळीस खुणा होतात. ‘सेवाग्राम’च्या एक्याऐंशी. दुसरीकडे मोबाइलच्या साध्या संदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीची फक्त ७०. मराठीत संदेश पाठवू इच्छिणाऱ्या संस्थेने पानाचा पूर्ण पत्ता घातला तर मजकुराला जागाच उरत नाही. म्हणून छोट्या लिंकची गरज इंग्रजीपेक्षा आपल्याला अधिक आहे, असे मला वाटते.

या अडचणीवर तारेच्या पत्त्याचाच उपाय केला गेला. २००२ मध्ये ‘टायनीयूआरएल’ आणि २००८ मध्ये ‘बिटली’ या सेवा निघाल्या. त्या काय करतात? आपण लांब पत्ता दिला की त्या वहीत एक नवी ओळ लिहितात: एका बाजूला सहा-सात अक्षरांची खूण, दुसऱ्या बाजूला पूर्ण पत्ता. रोमन लिपीची २६ लहान व २६ मोठी अक्षरे आणि १० अंक मिळून ६२ चिन्हे होतात. सहा जागांवर ही चिन्हे मांडली तर ६२ चा सहा वेळा गुणाकार, म्हणजे ५६,८०,०२,३५,५८४ निरनिराळ्या खुणा. सात जागा घेतल्या तर सुमारे साडेतीन लाख कोटी. खुणा अपुऱ्या पडण्याची भीती नाही.

वाचक लिंकवर बोट ठेवतो तेव्हा त्याचा मोबाइल प्रथम वही ठेवणाऱ्या संगणकाकडे जातो. तो संगणक पान देत नाही. ‘तुम्हाला हवे ते अमुक पत्त्यावर आहे’ एवढेच उत्तर देतो, आणि मोबाइल मुकाट्याने तिकडे वळतो. या उत्तराला आकडे आहेत. ३०१ म्हणजे ‘बिऱ्हाड कायमचे हलवले आहे’, आणि ३०२ म्हणजे ‘सध्या तेथे आहे, पुढच्या वेळी पुन्हा विचारा’. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या भेदावर पुढचे सारे अवलंबून आहे. ३०१ ऐकलेला मोबाइल ते लक्षात ठेवतो आणि दुसऱ्यांदा वहीवाल्याकडे न जाता थेट जातो. मग वहीतली ओळ बदलली तरी त्याला पत्ता नाही. ज्यांना लिंक हुशार करावयाची आहे ते म्हणूनच ३०२ वापरतात: प्रत्येक खेपेस विचारावयास लावतात, आणि प्रत्येक खेपेस नवे उत्तर देण्याची मोकळीक आपल्याकडे ठेवतात.

हुशारी ती हीच. वहीवाला उत्तर देण्यापूर्वी चार गोष्टी पाहतो: आज तारीख कोणती, विचारणाऱ्याचा मोबाइल कोणता, त्याची भाषा कोणती, त्याचे काम कोठवर आले आहे. महाविद्यालयाच्या फलकावर प्रवेशासाठी एकच चौकोनी क्यूआर छापला आहे असे धरा. मुदत संपेपर्यंत त्यातून अर्ज उघडावा, नंतर गुणवत्ता यादी, आणि त्यानंतर शुल्काचे पान. शाई बदलत नाही, वहीतली ओळ बदलते. (क्यूआर ही जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांवर लावण्यासाठी काढलेली खूण. तिच्यात जितका लांब पत्ता भरावा तितके तिचे ठिपके बारीक होतात आणि झेरॉक्समध्ये पुसट होतात. छोटी लिंक भरली की ठिपके मोठे राहतात.)

या हुशारीला व्यापाराची जोड कशी मिळते, हे आपल्या जिल्ह्याच्या पिकावरून समजून घेऊ. हिंगणघाट ही कापसाची जुनी व मोठी बाजारपेठ. कापूस विकावयाचा म्हणजे नोंदणी, मग पाळी, मग गाडी, मोजमाप, प्रत, काटापट्टी आणि सरतेशेवटी चुकारा. प्रत्येक पायरीला कागद आणि प्रत्येक कागदासाठी खेप. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयने ‘कपास किसान’ हे अॅप काढून नोंदणी व तारीख ठरवणे मोबाइलवर आणले, तो याच खेपा कमी करण्याचा प्रयत्न होता. आता समजा, एखाद्या जिनिंगच्या मालकाला स्वतःपुरती अशी व्यवस्था छोट्या लिंकवर उभी करावयाची आहे. शेतकऱ्याने नाव नोंदवताच त्याच्यासाठी एक लिंक तयार होते आणि मराठी संदेशातून त्याला जाते. आज तिच्यावर बोट ठेवले तर पाळीच्या तारखा दिसतात. तारीख निवडली की फाटकावरच्या माणसाच्या यादीत नाव आपोआप चढते. गाडी काट्यावर गेली की तीच लिंक वजनाची पावती दाखवू लागते, आणि चुकारा खात्यात पडला की तीच लिंक हिशेब दाखवते. लिंक एक, पाने चार. शेतकऱ्याला चार संदेश जपून ठेवावे लागत नाहीत, आणि दिवाणजीला ‘माझं काय झालं?’ या फोनला दिवसातून शंभर वेळा उत्तर द्यावे लागत नाही.

येथे लिंक उघडल्याची नुसती नोंद होऊन भागत नाही. त्या नोंदीवरून दुसऱ्या यंत्राला निरोप जातो. या निरोपाला ‘वेबहुक’ म्हणतात. आपल्या ओळखीची उपमा द्यावयाची तर रजिस्टर पत्राला जोडलेली पोचपावती. पत्र हाती पडल्याची सही घेऊन ते कार्ड पाठवणाऱ्याकडे परत येई आणि ते पाहून वकील पुढची नोटीस तयार करी. ‘वर्कफ्लो ऑटोमेशन’ या भारदस्त नावाखाली जे चालते ते पुष्कळसे एवढेच असते: एका कामाची पोचपावती हे दुसऱ्या कामाचे निमंत्रण.

मात्र पोचपावतीवर सही माणसाची असे. लिंकवर बोट ठेवणारा माणूसच असेल असे नाही. व्हॉट्सअॅपवर लिंक चिकटवताच खाली पानाचे चित्र व मथळा उमटतो. तो उमटावा म्हणून ते अॅप स्वतःच ती लिंक उघडून पाहते. कार्यालयांच्या ई-मेलवर पहारा ठेवणारी यंत्रेही आत काही घातक आहे काय हे पाहण्यासाठी लिंका उघडतात. म्हणजे शेतकऱ्याने मोबाइल खिशातून काढण्यापूर्वीच त्याची लिंक ‘उघडली’ गेलेली असू शकते. नुसती लिंक उघडल्याने पाळी पक्की होईल किंवा रद्द होईल अशी रचना केली तर गोंधळ ठरलेला. लिंकने फक्त पान दाखवावे. ‘होय, ही तारीख मान्य’ असे बटन त्या पानावर असावे आणि काम त्या बटनाने व्हावे. ही साधी शिस्त न पाळणाऱ्या व्यवस्था मी तरी पुष्कळ पाहिल्या आहेत.

दुसरी गोष्ट खुणेच्या लांबीची. खुणा ओळीने दिल्या तर शेजारच्या शेतकऱ्याची लिंक अंदाजाने काढता येते. मार्टिन जॉर्जिएव्ह आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल टेक संस्थेतील विताली श्मातिकोव्ह या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, पाच-सहा अक्षरांच्या खुणा यंत्राकडून नुसत्या चाळून पाहिल्या तरी लोकांच्या खासगी फायली व नकाशांवर शोधलेले मार्ग हाती लागतात. त्यांच्या या कामामुळे गूगलने आपल्या नकाशांच्या छोट्या लिंकची अक्षरे वाढवली. छोटेपणाला मर्यादा आहे ती अशी. फलकावरच्या जाहीर सूचनेला सहा अक्षरे पुरेत. एका माणसाच्या पैशाच्या हिशेबाला पुरत नाहीत. तेथे लिंकेबरोबर मोबाइलवर येणारा ओटीपीही मागावा.

आता मुकेपणाच्या धोक्याकडे वळू. वीजबिल थकले आहे, खाते बंद पडणार आहे, शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, असे संदेश आणि खाली छोटी लिंक. पलीकडे बँकेचे पान आहे की ठगाचे, हे अक्षरांवरून ओळखता येत नाही. यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, व्यापारी संदेशांतल्या लिंका अगोदर नोंदवण्याचे बंधन घातले. १ ऑक्टोबर २०२४ पासून नोंद नसलेली लिंक असणारे व्यापारी संदेश कंपन्यांनी पुढे जाऊ देऊ नयेत असा नियम आहे. म्हणजे वहीवर आणखी एक वही बसली. उपाय योग्यच आहे. परंतु ठग साध्या मोबाइलवरून वा व्हॉट्सअॅपवरून संदेश धाडतो तेव्हा ही चाळणी आड येत नाही. म्हणून संस्थेने फुकटच्या सर्वसाधारण सेवेऐवजी स्वतःच्या नावाची छोटी लिंक वापरावी. पाटी ओळखीची असली म्हणजे निदान दुकान कोणाचे ते कळते.

स्वतःच्या नावाचा आग्रह धरण्यास आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत मोठे. वही ठेवणारा उद्या वही मिटून ठेवील तर? गूगलने डिसेंबर २००९ मध्ये आपली छोट्या लिंकची सेवा काढली. एवढी मोठी कंपनी म्हटल्यावर लोकांनी निर्धास्तपणे पुस्तकांत, प्रबंधांत, फलकांवर तिच्या लिंका छापल्या. २०१९ मध्ये कंपनीने नव्या लिंका देणे थांबवले, आणि जुन्या लिंका २५ ऑगस्ट २०२५ रोजी बंद होतील असे २०२४ मध्ये जाहीर केले. ओरड झाल्यावर वापरात असलेल्या लिंका तेवढ्या राखल्या, ज्या कोणी उघडत नव्हते त्या गेल्या. पण पुस्तकाच्या तळटीपेतली लिंक वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही, आणि पंधरा वर्षांनी एखादा संशोधक उघडतो, हे आपल्या प्राध्यापकांना वेगळे सांगावयास नको. वहीवाल्याच्याही वर वहीवाला असतो. ‘बिटली’च्या पत्त्याच्या शेवटी असणारी ‘एलवाय’ ही दोन अक्षरे लिबिया देशाची आहेत. २०१० मध्ये त्याच दोन अक्षरांवर चालणाऱ्या दुसऱ्या एका छोट्या सेवेचा पत्ता तेथील नोंदणी कार्यालयाने, आपल्या कायद्यात बसत नाही या कारणावरून, काढून घेतला. तिच्या सगळ्या लिंका एकदम निर्जीव झाल्या. तार कार्यालयाचे रजिस्टर निदान आपल्या देशाच्या सरकारचे होते.

तेव्हा आपल्यासारख्या मध्यम महाविद्यालयाने काय करावे? यंत्रसामग्री फार लागत नाही. महाविद्यालयाच्या संकेतस्थळाला स्वतःचे नाव असतेच. त्याच नावापुढे चार-सहा अक्षरांची खूण जोडून छोट्या लिंका देता येतात, आणि त्यासाठीचे प्रोग्राम मोफत मिळतात. वही म्हणजे दोन मुख्य रकान्यांचा तक्ता. त्यात तिसरा रकाना ‘कोणी, कोणत्या तारखेस, कशासाठी’ असा घालावा. छापावयाच्या खुणेत शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ अशी एकमेकांसारखी दिसणारी चिन्हे टाळावीत, कारण गावाकडचा पालक ती पाहून हाताने टाइप करतो. वहीची किल्ली एखाद्या उत्साही विद्यार्थ्याच्या खासगी ई-मेलवर असू नये. तो विद्यार्थी बी. ए. होऊन जातो, त्याचा पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, आणि फलकावरचा क्यूआर दोन वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनाची वर्गणी मागत राहतो. किल्ली कार्यालयाच्या नावावर असावी आणि जावक रजिस्टराप्रमाणे पदभाराबरोबर हस्तांतरित व्हावी. वहीची एक छापील प्रत वर्षातून एकदा काढून ग्रंथालयात ठेवली तर चाळीस-पन्नास पानांच्या पलीकडे ती जाणार नाही. आणि माहितीपत्रकात छोटी लिंक छापताना तिच्याखाली पूर्ण पत्ताही बारीक टाइपात छापावा. फार तर एक-दोन ओळी जास्त लागतील.